थँक्सगिव्हिंगचं स्टफिंग: काय करावं, काय टाळावं

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत या दिवशी एक पेच ठरलेला असतो. सण टर्कीचा आणि वार गुरुवार. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तर थँक्सगिव्हिंग नेमकं मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आलं. सकाळी महालक्ष्मीचा घट मांडायचा आणि संध्याकाळी शेजारी, मुलांचे मित्र, ऑफिसातली माणसं जेवायला. अशा पंगतीत निम्म्या लोकांसाठी टर्की नसतेच. त्यांच्या ताटातला मुख्य पदार्थ म्हणजे पावाचं स्टफिंग. म्हणून ते तोंडीलावण्यासारखं घाईत उरकू नये. न्यू जर्सीत इतकी वर्षं ते करताना जे हाताला कळलं, ते इथे लिहिते आहे.

आधी अंदाज: आठ-दहा जणांना ४५० ग्रॅम पाव, दीड स्टिक (१७० ग्रॅम) बिनमिठाचं बटर, २ मोठे कांदे, सेलरीच्या ४ दांड्या, साधारण अडीच कप ब्रॉथ, २ अंडी (ती का वगळता येतात ते पुढे), आणि सेज, थाइम, पार्सली.

काय करावं

पाव वाळवा. सगळं स्टफिंग या एका गोष्टीवर उभं असतं. पाव दोन दिवस उघडा ठेवला की कडक होतो आणि आपल्याला वाटतं, झालं काम. पण शिळ्या पावातलं पाणी बरंचसं आतच असतं. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसलेला असतो, म्हणून तो कडक लागतो. ओव्हनमध्ये वाळवलेल्या पावातलं पाणी खरोखर निघून जातं, आणि त्या रिकाम्या जागेत ब्रॉथ शिरतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, मोठ्या ट्रेमध्ये एकाच थरात पसरा, २७५ अंश फॅरनहाइटला (१३५ सेल्सिअस) पाऊण तास ठेवा, मधे दोनदा हलवा. रंग फारसा बदलायला नको. ट्रे हलवला की तुकडे खडखड वाजले पाहिजेत. एक मोडून पाहा: मधोमध बोटाला जरासुद्धा मऊ लागलं तर आणखी दहा मिनिटं. फोडणीच्या पोळीला कालचीच पोळी का लागते हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात हे वेगळं समजावायची गरज नाही. ताज्या पोळीचा कुस्करा चिकट होतो, ताज्या पावाचं स्टफिंग खळीसारखं होतं.

पाव निवडून घ्या. घट्ट पोताचा, कमी साखरेचा. सावरडो उत्तम. सँडविचचा मऊ पाव ब्रॉथ पडताच विरघळतो आणि त्यातली साखर जिभेवर येते. कडा कापून टाकू नका. त्यांनाच चावायला काही असतं.

कांदा आणि सेलरी मंद आचेवर मऊ करा. दहा-बारा मिनिटं, बटरमध्ये, चिमूटभर मीठ घालून. कांदा लाल करायचा नाही. ओव्हनमध्ये ही भाजी पुढे फारशी शिजत नाही. तव्यावर करकरीत राहिली तर ताटातही तशीच राहते.

सेजला मान द्या. अमेरिकन माणसाला या दिवसाची आठवण ज्या वासाने येते, तो सेजचा वास. पानं करडी-हिरवी, हाताला लोकरीसारखी, चुरली की कापराच्या अंगाचा दर्प. कच्ची पानं स्टफिंगमध्ये औषधासारखी लागतात. तीच बारीक चिरून कांद्याबरोबर गरम बटरमध्ये शेवटची दोन मिनिटं टाकली की दर्प जातो आणि गोलसर, उबदार चव राहते. ताजी पानं चिरून दोन मोठे चमचे पुरतात. वाळलेला सेज असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको, कडवटपणा येतो. न्यू इंग्लंडकडच्या घरांत टर्कीचं चित्र असलेल्या छोट्या खोक्यातला बेल्स सीझनिंग नावाचा मसाला वापरतात. तो १८६७ पासूनचा आहे, आणि त्यात सेजबरोबर रोझमेरी, थाइम, मार्जोरम, ओरेगानो आणि सुंठसुद्धा आहे. सुंठेमुळे तो आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो.

ब्रॉथ घरी करा. मूठभर सुके मशरूम, एक गाजर, सेलरीची टोकं, कांद्याची सालं, तमालपत्र, दहा-बारा मिरे, दीड लिटर पाणी. पाऊण तास उकळवा आणि गाळा. कोंबडीच्या पाण्याला जी खोली असते तिच्या सर्वांत जवळ शाकाहारात मशरूमच पोचतात. विकतचा घेणार असाल तर कमी मिठाचा. पावात मीठ असतंच, वर खारट ब्रॉथ पडला तर मागे फिरता येत नाही.

ब्रॉथ तीन हप्त्यांत ओता. एक कप ओता, हलक्या हाताने खालीवर करा, पाच मिनिटं थांबा. मग दुसरा. तिसऱ्या वेळी डोळे आणि हात सांगतील तेवढाच. एक तुकडा बोटांत दाबला तर तो ओल्या स्पंजासारखा दबला पाहिजे, पण बोटांवरून पाणी ओघळता कामा नये. मधोमध कोरडा ठिपका दिसला तर अजून थोडा ब्रॉथ. चव इथेच घ्या. अंडी घालायची असतील तर चव घेऊन झाल्यावर, आणि कोमट ब्रॉथमध्ये फेटून; कढत ब्रॉथमध्ये ती फाटतात.

दोनदा भाजा. ३५० अंशाला (१७५ सेल्सिअस) आधी फॉइल लावून ४० मिनिटं, मग फॉइल काढून, वर बटरचे बारीक तुकडे टाकून अर्धा तास. झाकलेल्या वेळात आतला भाग वाफेवर फुलतो, उघड्या वेळात वरचा थर खरपूस होतो. उथळ, रुंद ट्रे घ्या. खोल भांड्यात कड कमी मिळते, आणि दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसाठी भांडणारी पोरं इथे कोपऱ्यांसाठी भांडतात.

बुधवारीच तयारी संपवा. पाव वाळवून डब्यात, कांदा-सेलरी शिजवून फ्रिजमध्ये, ब्रॉथ वेगळा. गुरुवारी फक्त एकत्र करून भाजायचं. सेज मात्र मंगळवारपर्यंत घरात आलेला असू द्या. बुधवारी दुपारी आमच्याकडच्या दुकानांत त्याची जागा रिकामी असते.

काय टाळावं

शाकाहाराबद्दल मोघम राहणं टाळा. ही गोष्ट मला कायमची लागून राहिली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकदा पुण्याहून आत्या आल्या होत्या. टर्की वेगळ्या टेबलावर, स्टफिंग वेगळ्या ट्रेमध्ये, म्हणजे सगळं नीट केलंय असं मी समजत होते. आत्यांनी दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाल्या आणि सहज विचारलं, "अगं, हे मुरवलंयस कशात?" माझ्या हातात चिकन ब्रॉथचं रिकामं खोकं होतं. मी खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून चूळ भरून आल्या आणि दहीभात घेऊन बसल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच स्टफिंग होतं, आणि ते पूर्ण शाकाहारी असतं. दोन ट्रे करणार असाल तर दोन चमचे, आणि शाकाहारी ट्रे ओव्हनच्या वरच्या खणात, टर्कीचे थेंब पडणार नाहीत असा.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. मागची बारीक अक्षरं वाचा. हाला आणि ब्रिओश या पावांत अंडं असतं. मक्याच्या पावाच्या काही तयार पिठांत प्राण्यांची चरबी असू शकते. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा मासळी असते. व्रताच्या दिवशी जेवणाऱ्या माणसाने हे सगळं विचारत बसू नये. ते यजमानाने आधी पाहिलेलं असावं.

अंड्याशिवाय जमणार नाही, असं समजू नका. अंडं स्टफिंगला धरून ठेवतं, चव त्याची नसते. ते वगळलं तर ब्रॉथ पाव कप वाढवा आणि ट्रेमध्ये भरताना मिश्रण तळहाताने हलकं दाबा. वडी पडणार नाही, चमच्याने वाढावं लागेल, एवढाच फरक. कांदाही चालत नसेल तर सेलरी दुप्पट करा, एक आंबटसर हिरवं सफरचंद चिरून घाला आणि बटरमध्ये चिमूटभर हिंग. हिंग शिजला की कांद्याची उणीव जाणवत नाही. आमच्याकडे जेवलेल्या अमेरिकन शेजाऱ्यांनी याच ट्रेमधून दुसऱ्यांदा वाढून घेतलं आहे.

गरम मसाला टाळा. मोह होतो, मला माहीत आहे. पण लवंग-दालचिनी आणि सेज एकमेकांना दाबतात, आणि हातात येतो तो दोन्हीकडचा नसलेला पदार्थ. तिखट हवंच तर दोन हिरव्या मिरच्या मधे चीर देऊन बटरमध्ये परता आणि काढून टाका. या मातीतल्या पदार्थाला त्याची चव राहू द्या. आपल्या मोदकात कोणी सेज घातला तर आपल्याला कसं वाटेल?

टर्कीच्या पोटात भरणं टाळा. टर्की करणाऱ्यांसाठी हे सांगते. पोटातलं सारण कच्च्या मांसाचा रस शोषतं, त्यामुळे त्याचा मध्यही १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत (७४ सेल्सिअस) तापला पाहिजे. तिथवर उष्णता पोचेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं. भरायचंच असेल तर टर्कीच्या दर पौंडाला पाऊण कप, सैल हाताने, ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी; आदल्या रात्री भरून ठेवणं धोक्याचं. थर्मामीटर टर्कीत आणि सारणात, दोन्हीकडे खुपसा. ट्रेमध्ये भाजलेल्याला काही लोक ड्रेसिंग म्हणतात, दक्षिणेतली राज्यं तर सरसकट तेच नाव वापरतात आणि मक्याच्या पावाचं करतात. पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन वळणाच्या घरांत त्याला फिलिंग म्हणतात. नाव काहीही असो, मांस खाणाऱ्या घरातही ट्रेमधलंच चांगलं होतं.

खोक्यातलं मिश्रण टाळा. पाच मिनिटांत होणारं स्टोव्ह टॉप १९७२ मध्ये बाजारात आलं. त्यामागे रूथ सीम्स या गृहविज्ञान शिकलेल्या बाईंचं डोकं होतं: पावाच्या तुकड्यांचा आकारच असा ठरवला की पाणी नेमकं शोषलं जावं. युक्ती खरीच हुशारीची आहे आणि ती घरच्या पावालाही लागू पडते. चुरा नको, तुकडेच हवेत. पण त्या खोक्यात मीठ आपल्या हातात राहत नाही, आणि चिकनची चव बहुधा आधीच असते.

उरलेलं टेबलावर तसंच राहू देऊ नका. गप्पा रंगतात, ट्रे दोन-तीन तास तिथेच. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा.

शुक्रवारी सकाळी बिडाचा तवा तापवा, थोडं बटर, त्यावर थंड स्टफिंगचे चपटे वडे. पाच मिनिटं हात लावू नका; घाई केली की कवच तव्यालाच राहतं. कड तांबूस झाली की उलटा. वर चमचाभर क्रॅनबेरीचा सॉस, नाहीतर घरातलं लिंबाचं गोड लोणचं. आत्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा हे वडे त्यांनी स्वतः तव्यावर परतले, आणि पहिला वडा मला वाढला.