रोपांची रात्रीची ऊब दिवसाच साठवा

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. नेमकी याच सुमारास नाशिक भागातल्या रोपवाटिकांमध्ये उन्हाळी कलिंगड, खरबूज आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये असतात. वेलवर्गीय रोपांना दहा-बारा अंशांखालची थंडी मानवत नाही. गारठलेली मुळं पाणी उचलत नाहीत, त्यामुळे ऊन चढल्यावर कोकोपीट ओलं असूनही पानं माना टाकतात. ते पाहून आणखी पाणी दिलं जातं आणि थंडीने न मेलेलं रोप मर रोगाने जातं. हे टाळायचं तर एक समजूत आधी सोडावी लागेल. प्लॅस्टिक लावलं, पडदे पाडले की आत ऊब राहते, असं आपण धरून चालतो. साधा पॉलिथिनचा कागद वारा अडवतो, पण जमिनीतून आणि पानांतून आकाशाकडे निघणारी उष्णता बरीचशी आरपार जाऊ देतो. म्हणूनच निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पहाटे कधीकधी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही अर्धा-एक अंश कमी भरतं.

मग ऊब राहते कुठे? सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर उंच अशा छोट्या पॉलिहाऊसचा हिशेब करा. आतली सगळी हवा एक अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडते, तेवढी सुमारे १४ लिटर, म्हणजे हंडाभर पाणीसुद्धा सोडतं. दुपारी आत ३५ अंश होते म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ती नुसती हवेची ऊब सूर्य मावळताच संपते. बरेच जण काळे रंगवलेले पाण्याचे ड्रम ठेवतात, ते योग्यच आहे. पण त्याच पॉलिहाऊसमधल्या ओल्या जमिनीच्या वरच्या दहा सेंटिमीटर थरात २०० लिटरच्या सुमारे सात ड्रमांइतकी उष्णता मावते. जमीन कोरडी ठणठणीत असेल तर हा साठा जवळपास निम्म्यावर येतो, शिवाय खालची ऊब वर यायलाही वेळ लागतो. माझ्या मते थंडीतला पहिला खर्च ड्रमवर नको, जमिनीकडे लक्ष देण्यावर हवा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास मोकळी जमीन भिजवून वाफशावर ठेवा. लाटेपुरते ट्रे उंच मांडवावरून खाली, जमिनीलगत आणा. खाली पाचट अंथरू नका; रोपाला गादी मिळाली असं वाटतं खरं, पण जमिनीची ऊब पाचटाखालीच अडकते.

ओलाव्याने बुरशी वाढेल, ही शंका रास्त आहे. पण भिजवायची ती जमीन, ट्रे नव्हे, आणि तेही सकाळी. दुपारभर पडदे उघडे ठेवून दमट हवा जाऊ द्यावी आणि ऊन कलायच्या आत, साधारण साडेतीन-चारला, पडदे बंद करावेत. रात्री कागदाच्या आतल्या बाजूला धरणारा पाण्याचा थर बाहेर जाणारी उष्णता काही प्रमाणात अडवतोही. काळजी घ्यायची ती थेंब रोपांवर न पडण्याची. त्यासाठी ट्रेवर कमानी लावून न विणलेल्या कापडाचं क्रॉप कव्हर टाका, पानांना न टेकता आणि कडा जमिनीवर दाबून. जमिनीतून निघालेली ऊब रोपांच्या उंचीवर राहते, अख्खं छत तापवत बसावं लागत नाही.

आत शेकोटी, मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा का नको, असं विचारलं जातं. अशा पॉलिहाऊसमधून निरभ्र रात्री हजार वॉटच्या आसपास उष्णता जाते. एक मेणबत्ती फार तर ८० वॉट देते. शेकोटीची आच मोठी असते, पण अर्धवट जळणातून निघणारा इथिलीन वायू पानं वाकडी करतो, आणि बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड राखणीला झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. ही जोखीम कुठल्याही रोपासाठी घेऊ नये. विजेचा हीटर चालतो, मात्र पहाटे, सगळ्यात थंड वेळी वीज असेलच याची खात्री हवी.

कमाल-किमान तापमापक ट्रेच्या उंचीवर, क्रॉप कव्हरच्या आत टांगा. दारापाशी लावलेला रोपांची थंडी सांगत नाही. सकाळी ऊन ट्रेवर आल्यावरच कव्हर काढा आणि पाणी त्यानंतर तासाभराने द्या. रात्रभर टाकीत गार झालेल्या पाण्यापेक्षा विहिरीतून नुकतं उपसलेलं पाणी कोमट असतं, तेच वापरा.