आजोबांनी दारू सोडली

ऊद मेथा हा दुबई शहराचा एक भाग. तेथील एका मराठी घरी गडचिरोलीहून आजोबा राहायला आले होते. एके दिवशी नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही काठी का घेता?"

आजोबा म्हणाले, "बाळ, मी पूर्वी दारू प्यायचो. म्हातारपणी शरीरातले पाणी कमी होते, यकृताचे काम मंदावते. त्यामुळे तेवढीच दारू जास्त चढते. एकदा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले."

"मग दारू कशी सुटली?"

"आमच्या जिल्ह्यात लोकांनी चळवळ केली. त्यात बायका पुढे होत्या. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण नुसत्या कायद्याने सवय सुटत नाही. शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो. जुनी सवय एकदम सोडली, तर कधी जिवावर बेतते. झोपेच्या गोळ्यांबरोबर दारू घेणेही फार धोक्याचे असते."

"लोक तुम्हांला हसले का हो?"

"काही हसले. तुझी आजी मात्र रोज माझ्याबरोबर दवाखान्यात आली. दारूचे व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला हसू नये, मदत करावी."

स्वाध्याय
१. म्हातारपणी दारू जास्त का चढते?
२. आजोबांना कोणी साथ दिली?