मधुमेही मुलाचे डोळे

मधुमेह झालेल्या मुलाच्या डोळ्यांची काळजी घरातील माणसे बहुधा भलत्याच वेळी करतात. रोग नुकताच कळला असता मुलाला फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली, की सारे घाबरून जातात. पुढे आठदहा वर्षांनी त्याला सर्व काही स्वच्छ दिसत असते, तेव्हा डोळे तपासून घेण्याची आवश्यकता कोणालाच वाटत नाही. वस्तुतः धोका या दुसऱ्या काळात अधिक असतो.

सुरुवातीच्या तक्रारीचे कारण सहसा डोळ्यातील भिंगात असते. रक्तातील वाढलेली साखर भिंगात शिरते, तेथे पाणी ओढले जाते आणि भिंगाची ठेवण बदलते. इन्शुलिन सुरू होऊन साखर खाली आली, तरी भिंग पूर्वस्थितीला येण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर दृष्टी अधिकच धूसर झाल्यासारखी वाटू शकते. नेमक्या याच सुमारास एखादे वडीलधारे माणूस इंजेक्शनांनीच डोळे बिघडले असे ठरवून मोकळे होते. हा समज जिवावर बेतणारा आहे. कारण ज्या मुलाच्या स्वादुपिंडात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन बंद केल्यास थोड्याच दिवसांत त्याची शुद्ध हरपून मृत्यूही ओढवू शकतो. चष्म्याचीही घाई करू नये. साखर स्थिरावण्यापूर्वी काढलेला नंबर लवकरच निरुपयोगी ठरतो. मात्र धूसरपणा हटत नसेल, किंवा बाहुली पांढुरकी दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. क्वचित एखाद्या मुलाला रोगाच्या आरंभीच मोतीबिंदू झालेला आढळतो.

कायमचे नुकसान होते ते भिंगामागील दृष्टिपटलाचे. वाढलेल्या साखरेमुळे वर्षानुवर्षे तेथील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होत जातात. त्यांवर सूक्ष्म फुगे येतात, रक्त व द्रव पाझरतो, काही वाहिन्या बुजतात. प्राणवायू अपुरा पडलेल्या भागात मग नव्या वाहिन्या फुटतात. परंतु त्या नाजूक असल्यामुळे त्यांतून सहज रक्तस्राव होतो. दृष्टिपटलाचा मध्यभाग शाबूत असेपर्यंत रुग्णाला यातले बहुधा काहीच जाणवत नाही.

इन्शुलिनपूर्व काळात मुलांमध्ये हा विकार दिसण्याचा प्रश्नच जवळजवळ नव्हता, कारण अशी मुले तेवढी जगतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड टॉमसन या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. त्यानंतरच्या काळात वाचलेली मुले मोठी झाली, आणि लाभलेल्या आयुष्याबरोबर हा विकारही आला. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास तो टळतो काय, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिका व कॅनडा येथे १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने १९९३ मध्ये त्याचे उत्तर दिले. प्रारंभी ज्यांचे दृष्टिपटल निर्दोष होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांमुळे विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. साखर एकाएकी फार उतरण्याचे प्रसंग मात्र याच उपचारांत सुमारे तिपटीने वाढले, ही गोष्टही पालकांना सांगितली पाहिजे.

मुलाला वयाची अकरा वर्षे पूर्ण झाली अथवा त्याआधीच ते वयात येऊ लागले, आणि रोगाला तीन ते पाच वर्षे झाली, म्हणजे दृष्टिपटलाची पहिली तपासणी करावी. पुढे साधारणतः दर एकदोन वर्षांनी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. प्रौढांसारखा मधुमेह हल्ली किशोरवयातही आढळतो. तो किती दिवस लपून होता हे कळत नसल्याने त्या मुलांची तपासणी निदान होताच करावयाची असते. विकार वेळीच सापडला, तर लेसर किरणांनी किंवा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी दृष्टी पुष्कळदा वाचविता येते.

तपासणी वेदनारहित असते. बाहुली मोठी करण्यासाठी घातलेले थेंब थोडा वेळ झोंबतात. नंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे वाचता येत नाही. म्हणून शाळेच्या परीक्षेचा आदला दिवस तेवढा टाळावा.