गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरमधील क्षार

गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरमध्ये क्षार साठतो तो मुख्यतः कॉइलमध्ये. डिझेल बर्नरवर तापणाऱ्या या नळीत पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर आतून चिकटतो. तो उष्णता अडवतो; डिझेल जास्त जळते आणि पाणी कोमटच राहते. तंजावरात कावेरीचे कालवे बाराही महिने वाहत नाहीत, त्यामुळे गाड्या धुणे बोअरच्या जड पाण्यावर येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य, पर्याय नसल्यास 600 पर्यंत चालतो. माणसाला चालणारे हे पाणी कॉइलला मात्र बाधते.

पहिले लक्षण म्हणजे धार मंदावणे, आणि फसगत होते ती इथेच. प्रस्तुत लेखकाच्या यंत्राला विक्रेत्याच्या मेकॅनिकने आधी नोझल, मग पंपाची सीले, मग बर्नरचा जेट बदलायला लावला. प्रत्येकाचे बिल वेगळे. पाणी कुठले, हे त्याने एकदाही विचारले नाही. अखेर कॉइलच्या तोंडाचा एल्बो उघडला, तर आत पेन्सिल शिरायलाही जागा नव्हती. त्यावर त्याचे उत्तर, “पाणीच खराब, मशीन काय करणार?” आधीच्या बिलांचा विषय त्याने काढलाच नाही. वास्तविक परीक्षा फुकटची आहे. बर्नर बंद ठेवून प्रेशर पाइप कॉइल टाळून थेट पंपाला जोडावा. धार जोरात आली तर पंप निर्दोष.

सफाईला सल्फॅमिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण बरे. सायट्रिकही चालते, पण दाट आणि गरम असल्यास त्याचाच साका नळीत बसतो. संडासाचे अ‍ॅसिड (मेकॅनिकचा सल्ला हाच!) स्टेनलेस कॉइलला खड्डे पाडते. अ‍ॅसिड पाण्यात घालावे, अ‍ॅसिडात पाणी नव्हे. ब्लीच जवळ नको. हातमोजे, चष्मा हवेतच. द्रावण यंत्राच्या पंपातून न नेता लहान प्लास्टिक पंपाने कॉइलमधून उघड्या बादलीत फिरवावे. ताजे द्रावण घालूनही फेस येईनासा झाला आणि प्रवाह मोकळा झाला की खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवावे. फेसच येत नसेल आणि नळी बंदच राहिली, तर थर बहुधा सल्फेटचा किंवा सिलिकाचा. मग कॉइल बदलणे आले.

काम संपल्यावर बर्नर बंद करून गार पाणी येईपर्यंत गन चालू ठेवावी. तापलेल्या कॉइलमध्ये अडकलेले पाणी सर्वांत जास्त क्षार सोडते. सॉफ्टनर बसवला तर उत्तमच. विकताना बोअरच्या पाण्याचा तपास करणारा विक्रेता प्रस्तुत लेखकाला अजून भेटलेला नाही. तेव्हा पैसे देण्याआधी पाण्याची चाचणी खरेदीदारानेच करून घ्यावी.