बोटीवर जेवायला बसण्याआधी

तिकिटं काढलीस ते बरं केलंस. पण बाल्कनीवाली केबिन मिळवताना जेवणाचं काही कळवलं नसशील, तर आजच एजंटाला फोन कर. बोटीचा शिधा बंदरात भरतात. एकदा नांगर उचलला की भर समुद्रात वाण्याचं दुकान नाही. तुझ्या सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘जैन’ असंच लिहायला सांग. नुसतं ‘व्हेज’ लिहिलंस तर पुढ्यात पास्ता, उकडलेला ब्रोकोली आणि अंड्याचा केक येणार.

मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर ही काळजी कमी. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघते आणि तिच्यावर जैन जेवणही मिळतं. तुम्ही निघालात सिंगापूरहून. तिथेही आपले उतारू पुष्कळ असतात, त्यामुळे बुफेत डाळ-भात, एखादी पनीरची भाजी दिसेल. त्यावर भागतं ज्याचं, त्याचं भागतं. इंग्रजांच्या पी अँड ओच्या काही बोटींवर तर ‘सिंधू’ नावाचं खास भारतीय हॉटेल आहे, पण त्याचे पैसे वेगळे. पाटीवर ‘स्पेशालिटी’ दिसलं की आधी दर विचारायचा, मग खुर्ची ओढायची.

खरी गोष्ट आता सांगतो. बोटीवर चांगलं जेवण मेनूकार्डात शोधायचं नाही, माणसांत शोधायचं. स्टाफच्या छातीवर पाटी असते. बऱ्याच बोटींवर त्यावर नावाखाली देशही लिहिलेला असतो. ‘इंडिया’ दिसलं की विचार, “कुठले तुम्ही?” गोव्याचा निघेल, मंगळूरचा निघेल, नशीब असेल तर आपल्या रत्नागिरीचाही निघेल. आपल्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आहेत, इंग्रजाच्या काळी आचाऱ्याला भंडारी म्हणायचे तेव्हापासून. जिथे एवढा भारतीय स्टाफ, तिथे त्यांच्या मेसमध्ये आपल्या पद्धतीची आमटी शिजतेच. उतारूला त्या मेसमध्ये जाता येत नाही, पण तिथली चव गॅलीतून, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातून, वर येऊ शकते.

मात्र मागायची वेळ चुकवू नकोस. मी आयुष्य गॅलीत काढलंय. रात्रीच्या जेवणाला शेकडो ताटं एकामागून एक बाहेर पडत असतात, तेव्हा वेटरने येऊन “टेबल अमुकला पिवळी डाळ” म्हटलं की आचारी मनातल्या मनात काय म्हणतो ते तुला सांगत नाही. अशी डाळ येते खरी, पण ती भाजीच्या सुपात हळद घालून केलेली असते. त्यापेक्षा आदल्या रात्री, गोड खाऊन झालं की हेड वेटरला बोलव. उद्याचा मेनू त्याच्याकडे असतो. त्याला सांग, “उद्या रात्री चौघांना तुरीची डाळ, वर जिऱ्याची फोडणी, तिखट बेताचं.” मोघम ‘इंडियन फूड’ म्हणू नकोस. पदार्थाचं नाव घेतलं की आचाऱ्यालाही हुरूप येतो. आणि आवडलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं नाव घेऊन आभार मान. उरलेले दिवस तुमच्या टेबलाला काही कमी पडणार नाही.

मासळीचं म्हणशील तर बांगड्याची आशा सोड. सामन किंवा कॉड मिळेल. लिंबू, मीठ, लाल तिखट लावून तव्यावर परतून मागायचा. कोकमाचं आगळ नेणार असशील तर सोलकढीच्या नादी लागू नकोस. बारवाल्याकडचं नारळाचं क्रीम पिना कोलाडासाठीचं, साखर घातलेलं असतं. आगळ, मीठ, गार पाणी, बस्स. मेतकूट मात्र ने. बोटीवर पांढरा भात आणि लोणी कुठेही मिळतं, आणि सासऱ्यांचं पोट बिघडलं तर त्यासारखं काही नाही. सगळं दुकानातलं, सीलबंद. घरचे डबे बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. पाणी उकळायची कॉइल, किटली तर बॅगेतूनच काढून घेतात. बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची.

आता जावईबापूंची कॉफी. आपल्या रत्नागिरीजवळच्या आरे-वाऱ्याच्या वळणावर फोटो काढायला थांबलेले पर्यटक टपरीवर कॅपुचिनो मागतात, त्यातलेच ते. त्यांना सांग, बुफेतल्या यंत्राची कॉफी फुकट, पण बऱ्याचदा ती पातळ अर्कात गरम पाणी सोडून केलेली असते. ताज्या बियांची कॉफी कॅफेत, आणि ती बहुधा पैशाने. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्याने पहिल्याच दिवशी कॉफीचं कार्ड किंवा पॅकेज आहे का ते विचारावं. रॉयल कॅरिबियनच्या काही बोटींवर स्टारबक्सही आहे. तिथलं बिल आपल्या पॅकेजात बसतं का, हे कप हातात घेण्याआधी विचारायचं.

आपल्यासारखी कॉफी हवी तर लाटे मागू नकोस, तो दुधाचा पेला. डबल एस्प्रेसो आणि वेगळ्या भांड्यात कडक गरम दूध माग. साखर आधी एस्प्रेसोत विरघळव, मग कॉफीइतकंच दूध ओत, आणि वर चिमूटभर जायफळ. जायफळ माझ्या वाडीतलं देईन म्हणतेय तुझी मामी, पण नको. लेबल नसलेली पूड कस्टमवाल्याला समजावत बसशील. दुकानातली बाटली घे.

आणखी एक. बुफेतलं केळं पर्समध्ये टाकून बंदरावर उतरू नका. बोटीवरचं अन्न बोटीवरच. ऑस्ट्रेलियात तर न सांगता नेलेल्या एका सफरचंदालाही दंड होतो. म्हणूनच सासऱ्यांना हापूसची पेटी न्यायचा हट्ट करू देऊ नकोस. मे संपायच्या आत परत या, तोवर इथे आंबा आहे.