वाळू मऊ, मग घोटा का कुरकुरतो?

प्रश्न : पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून आईचा उजवा घोटा मोडला. ऑपरेशन लागलं नाही. आता प्लास्टर निघालंय, हाडही जुळलंय. डांबरी रस्त्यावर ती बऱ्यापैकी चालते, पण पुळणीवर चार पावलांत दुखायला लागतं. शेजारच्या काकू म्हणतात, वाळूत चाललं की पाय लवकर सुटतो. खरं काय? – एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : काकूंचं अर्धं खरं आहे, फक्त त्यांनी घाई केली. वाळू तळव्याला मऊ लागते, घोट्याला नाही. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, टाच खचते, पुढे रेटायला जावं तर वाळू मागे सरकते. कडक जमिनीपेक्षा तिथे जवळपास दुप्पट शक्ती खर्ची पडते.

हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. पण तेवढ्यात पोटरी वाळते, सांधा आखडतो आणि पाऊल वाकडं पडलं की मेंदूला कळवणाऱ्या घोट्यातल्या नसा सुस्तावतात. एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. आईंना स्वयंपाकाच्या ओट्याला धरून फक्त उजव्या पायावर उभं राहायला सांगा, तुम्ही शेजारी थांबा. घोटा लटलटत असेल तर पुळण अजून लांब आहे.

तोवर डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला सांगितलं असेल तर सपाट रस्ता, घट्ट बूट आणि काठी डाव्या हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि वर तिकडेच कलतात! जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. संध्याकाळी घोटा सुजणं काही महिने चालतं. उशीवर पाय उंच ठेवला की ओसरतं. मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

पुळणीवर पहिल्यांदा जाल ते ओहोटीला, ओल्या, थापलेल्या वाळूवर. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नका. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : किनारा समुद्राकडे उतरता असतो. पाण्याकडच्या पायाची बाहेरची कड खाली जाते आणि घोटा नेमका मुरगळतो त्याच दिशेला कलतो. म्हणून आईंनी समुद्र डाव्या हाताला ठेवून चालावं, परतताना वर सुरूच्या बनालगतच्या रस्त्याने यावं.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, पण वाटेत शेवाळलेले खडक आहेत आणि लंगडत चालणाऱ्यासाठी भरती थांबत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर त्याहून अवघड. आधी उभ्या पायऱ्या, मग लाटांनी खाऊन खडबडीत केलेला खडक. यंदा आईंनी देवळातूनच हात जोडावेत.