पावसाआधी बांधावरची झाडं : चेनसॉची धार आणि ओंडक्यांची हलवाहलव

उसाचा हंगाम आटोपला की गुजरातेतल्या कामरेज, सायण, बारडोलीचे सहकारी साखर कारखाने थंडावतात. धुळे-नंदुरबारकडून, डांगातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावी परततात. शेतं मोकळी होतात आणि वर्षभर उसाआड दडलेले बांध नजरेस पडतात : वाकलेली नीलगिरी, वाळलेली बाभूळ, आतून पोखरलेला जुना आंबा, विहिरीवर झुकलेली सुबाभूळ. या पट्ट्यात पाऊस जूनच्या मध्याला धरतो, पण वारा त्याची वाट पाहत नाही. १७ मे २०२१ च्या रात्री ताउते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा गुजरातेत आंबा आणि नारळाची झाडं मुळासकट आडवी झाली. म्हणून धोक्याचं झाड उतरवायचं ते मे महिन्यातच. जमीन कोरडी असते, ट्रॉली मोकळी असते. कमी असतात ती माणसं, आणि त्यासाठीच हत्यारं नीट हवीत.

मशीन चालू करण्याआधी दोन गोष्टी. साग, खैर, आंबा, मोह अशी झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी तलाठ्याकडे किंवा वनखात्यात विचारल्याशिवाय तोडू नका. तापीच्या वरच्या अंगाला, नवापूर-नंदुरबारकडे, महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे. कामरेजला गुजरातचे नियम. झाड विजेच्या तारेजवळ असेल तर वीज कंपनीला सांगून लाइन बंद करून घ्या. तार अंगावर आली तर कुठलंच कौशल्य उपयोगी पडत नाही.

आता धार. चेन बोथट झाली हे कापणाऱ्याच्या खांद्याला आधी कळतं, कारण मशीन दाबावं लागतं. धारदार चेन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते आणि जाड सालपं फेकते. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, धूर यायला लागला, की थांबा. तसंच रेटत राहिलं की चेनची पट्टी तापते, क्लच जळतो आणि थकलेल्या हातातून मशीन उसळतं. माझ्या मते या कामातले निम्मे त्रास बोथट चेनमधून निघतात. ऊसतोडीचा गडी रोज संध्याकाळी कोयता दगडावर घासल्याशिवाय झोपत नाही. चेनसॉलाही तीच सवय लावा.

कानस चेनच्या मापाची लागते. चेनवर किंवा मशीनच्या पुस्तकात माप दिलेलं असतं. लहान मशीनच्या कमी उंचीच्या तीन-अष्टमांश इंची चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस, ०.३२५ इंची चेनला ४.८ ची, मोठ्या तीन-अष्टमांश इंची चेनला ५.२ ची. मापाबाहेरच्या कानशीने दात बिघडतो, सुधारत नाही.

मशीन बंद करा. पट्टी एखाद्या बुंध्याला पाडलेल्या खाचेत घट्ट बसवा आणि चेनचा ब्रेक लावा. सगळ्यात झिजलेला दात शोधा, त्यावर शाईची खूण करा आणि तिथून सुरुवात करा, कारण बाकीचे सगळे दात त्याच्याच लांबीवर आणायचे आहेत. कानस दाताच्या आतून बाहेर, साधारण ३० अंशांच्या तिरकस रेषेत, फक्त पुढे ढकलायची. मागे आणताना उचलून घ्यायची. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसत राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला दोन-तीन हात पुरतात. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, तेवढेच हात मोजून. एका अंगाचे दात लांब राहिले तर काप सरळ न जाता वाकडा जातो.

दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात लाकडात किती शिरेल हे तो ठरवतो. दात झिजतो पण उंचवटा तसाच राहतो, म्हणून धार असूनही चेन नुसती घसरते. चार-पाच वेळा धार लावून झाली की गेजपट्टी ठेवून चपट्या कानशीने तो खाली घ्या. दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा. त्याहून जास्त घासला तर चेन लाकडाला हिसके देते.

तापीकाठच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पुराचं पाणी चढतं तिथल्या झाडांच्या सालीत गाळ आणि रेती बसलेली असते. अशा बुंध्यावर चेन लावली की नवी धार काही मिनिटांत जाते. आधी कोयत्याने सालीचा पट्टा सोलून घ्या, मगच कापा. बांधावरच्या बाभळीत कुंपणाची जुनी तारही गिळलेली असते, ती हाताने चाचपून बघा. पट्टीचं टोक ओंडक्याला वा जमिनीला लागू देऊ नका. टोकाच्या वरच्या अंगाने लाकूड शिवलं की मशीन सरळ तोंडाकडे येतं. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर मशीन चालवायचं नाही, एकट्याने तर नाहीच. हेल्मेट, चष्मा आणि जाड बूट घातल्याशिवाय सुरुवात नको.

झाड पडलं की खरं कष्टाचं काम सुरू होतं. एक फूट जाडीचा, दहा फूट लांब ओल्या नीलगिरीचा ओंडका दोनशे किलोच्या वर भरतो. चार माणसांनी तो उचलायचा म्हणजे कुणाची तरी कंबर जायची. ओंडका उचलू नका, लोळवा. पाच फुटी पहारेखाली टोकापासून अर्ध्या फुटावर दगड ठेवला, तर दुसऱ्या टोकावर वीस किलोचा जोर १८० किलो उचलतो. जमिनीतून ओंडका मोकळा झाला की त्याखाली गोल बल्ल्या किंवा लोखंडी पाइपचे तुकडे सरकवा. दोघांत शेताच्या कडेपर्यंत जातो. गावच्या लोहाराकडून चार-पाच फुटी दांड्याला सैल फिरणारा आकडा बसवून घ्या. आकडा ओंडक्यात रुततो आणि दांडा ओढला की ओंडका वळतो. एका माणसाला पुरे असं हे हत्यार आहे, आणि ते नसलेलं शेत मला अपुरं वाटतं.

ट्रॉलीत चढवायची जुनी रीत अजून सरस आहे. ट्रॉलीच्या कडेला दोन मजबूत बल्ल्या तिरप्या टेकवा, खालची टोकं रोवा, चाकांखाली दगड लावा. दोन नाड्यांचं एकेक टोक ट्रॉलीला बांधून नाडे बल्ल्यांलगत खाली सोडा, ओंडक्याखालून घेऊन वरून परत ट्रॉलीत न्या. वर उभ्या माणसांनी ओढलं की ओंडका लोळत चढतो, आणि निम्म्याच जोरात. खाली, दोन बल्ल्यांच्या मध्ये, कुणीही उभं राहायचं नाही.

ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वरच्या लिंकला बांधली आणि ओंडका अडकला, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटतो. ओंडक्याचं पुढचं टोक थोडं उचलून धरलं की ते मातीत घुसत नाही.

सोनगडच्या कागद गिरणीला किंवा वखारीत माल द्यायचा असेल तर लांबी आणि साल सोलण्याबद्दल आधी विचारून मगच काप घ्या. पाऊस लागल्यावर इथल्या काळ्या जमिनीत भरलेली ट्रॉली घालू नका. जे ओंडके राहतील ते आडव्या बल्ल्यांवर जमिनीपासून वीतभर उंच रचा, नाहीतर दिवाळीपर्यंत वाळवी लागते. आणि चेनसॉ ठेवून देण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं आणि पुढच्या हंगामात मशीन सुरूच होत नाही.